पहिला जॅझ गिटार अल्बम : लाकडाचा सूर आणि विजेचा आवाज एकत्र कसे नांदतील?

लातूरच्या एका तरुण जॅझ गिटारवादकाने स्वतःच्या सहा रचना बांधल्या आहेत आणि त्यांपैकी तीन रचनांचे कच्चे ध्वनिमुद्रण मला ऐकायला पाठवले आहे. प्रश्न थोडक्यात असा आहे : पहिल्या अल्बममध्ये अकूस्टिक गिटार आणि इलेक्ट्रॉनिक ध्वनी यांचा मेळ घालायचा आहे, परंतु आतापर्यंत जे तयार झाले ते दोन निरनिराळ्या रेकॉर्ड एकाच वेळी लावल्यासारखे वाटते, असे का होते, ते कसे सुधारावे, आणि मुंबई-पुण्याचा स्टुडिओ न गाठता हे काम मराठवाड्यात राहून नीट होऊ शकते का? मी गेली पंचवीस वर्षे छत्रपती संभाजीनगरात गिटार वाजवतो, शिकवतो आणि एका छोट्या खोलीत इतरांचे ध्वनिमुद्रणही करतो. त्या अनुभवाच्या आधारे सविस्तर लिहितो.

तिन्ही ट्रॅक मी आधी हेडफोनवर आणि मग घरातल्या साध्या स्पीकरवर ऐकले. तुमचा हात स्वच्छ आहे, कॉर्डच्या आतल्या सुरांची हालचाल तुम्हाला कळते, आणि दुसऱ्या रचनेतले सोलो वादन तर मी दोनदा ऐकले. जो दुभंग तुम्हाला खुपतो आहे त्याचे कारण मात्र मिक्सिंगमध्ये, म्हणजे ट्रॅक एकत्र मिसळण्यात, शोधू नका. ते कामाच्या क्रमात आहे. तुम्ही आधी लॅपटॉपवर ठेका रचला, त्याखाली सिंथेसायझरचे लांबट सूर पसरले, आणि ते सगळे पक्के झाल्यावर कानात क्लिक, म्हणजे यंत्राची ठरीव टिकटिक, घेऊन त्यावर गिटार वाजवली, हे ऐकताक्षणी लक्षात येते. घर बांधून झाल्यावर त्यात राहायला बोलावलेल्या पाहुण्यासारखी गिटार तिथे अंग चोरून बसली आहे. हा क्रम उलटा करावा, म्हणजे आधी गिटार तिच्या स्वतःच्या लयीत पूर्ण मुद्रित करावी आणि त्यानंतर येणारे इलेक्ट्रॉनिक ध्वनी शक्यतो त्याच गिटारच्या आवाजातून घडवावेत, असे माझे म्हणणे आहे. पुढचे सगळे विवेचन या एका मुद्द्याच्या पोटातले आहे.

जॅझ गिटारच्या बाबतीत ‘लाकूड की वीज’ हा वाद मुळातच फारसा टिकत नाही. गिब्सन कंपनीची ईएस-१५० ही विजेची गिटार १९३६ मध्ये बाजारात आली आणि १९३९ मध्ये अमेरिकन गिटारवादक चार्ली ख्रिश्चन ती घेऊन बेनी गुडमनच्या वाद्यवृंदात दाखल झाला. तोपर्यंत मोठ्या बँडमध्ये गिटारकडे मुख्यतः कॉर्ड धरून ठेका राखण्याचे काम असे, कारण पितळी वाद्यांपुढे तिचा आवाज पोहोचतच नसे. पॅरिसमध्ये जँगो राइनहार्टने १९३४ पासून अकूस्टिक गिटारवर जे सोलो वादन केले, ते ड्रम आणि पितळी वाद्ये नसलेल्या तंतुवाद्यांच्या पंचकात केले, हेही ध्यानात घ्यावे. ख्रिश्चनने विजेचा उपयोग केवळ आवाज मोठा करण्यासाठी केला नाही. सॅक्सोफोनवादक जशी एका श्वासात लांब वाक्ये बोलतो, तशी एकेरी सुरांची वाक्ये तो गिटारवर बोलू लागला. १९४२ मध्ये, वयाच्या अवघ्या पंचविसाव्या वर्षी, तो गेला. पण त्यानंतरच्या प्रत्येक जॅझ गिटारवादकाच्या बोलण्यात त्याची छाप राहिली. विजेने वाद्याला नवे बोलणे दिले तरच ती संगीतात शिरली असे म्हणता येते, एरवी ती नुसती दिवाबत्ती असते.

तुम्ही अमेरिकन जॅझ गिटारवादक पॅट मेथिनीचा उल्लेख केला आहे, म्हणून सांगतो. त्याचा पहिला अल्बम १९७५ च्या डिसेंबरात जर्मनीतील लुडविग्सबर्गमध्ये मुद्रित झाला आणि १९७६ मध्ये ईसीएम कंपनीने काढला. तेव्हा तो एकवीस वर्षांचा होता, सोबत जाको पास्टोरियसचा बास आणि बॉब मोझेसचे ड्रम, एवढाच संसार. ज्या रोलँड जीआर-३०० गिटार-सिंथेसायझरच्या तुतारीसारख्या आवाजासाठी लोक त्याला ओळखतात, तो आवाज त्याच्या हाती आला तो काही वर्षांनी. पहिल्याच अल्बममध्ये स्वतःचे सगळे गुण दाखवण्याची घाई आपल्याला होते, आणि ती मलाही झाली होती. परंतु पहिल्या अल्बममधून ऐकणाऱ्याला एक माणूस ओळखू यावा, त्याच्या कपाटातील सगळे कपडे नव्हेत.

याच्या नेमके उलट उदाहरण आपल्या घरातले आहे. चरणजित सिंग हे मुंबईच्या चित्रपटसंगीतातले गिटारवादक. त्यांनी १९८२ मध्ये रोलँडची तीन यंत्रे, म्हणजे ड्रमचे टीआर-८०८, बासचे टीबी-३०३ आणि ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर, समोर ठेवून दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर बसवले. तिथे यंत्राचा न हलणारा ठेका ही उणीव राहिलेली नाही, कारण सगळी कल्पनाच त्या ठेक्यावर उभी आहे. तेव्हा क्लिक आणि ग्रिड (सॉफ्टवेअरमधली मात्रांची ठरीव चौकट) वाईट असतात असे मी मुळीच म्हणत नाही. त्या तुम्ही निवडलेल्या असाव्यात. सॉफ्टवेअर उघडले की आपोआप समोर येतात म्हणून स्वीकारलेल्या नसाव्यात, एवढेच. त्याचप्रमाणे जॅझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या १९६९ च्या ऑगस्टमध्ये मुद्रित झालेल्या ‘बिचेस ब्रू’ या अल्बममध्ये निर्माता टिओ मॅसेरो याने टेप कापून, जोडून, पुन्हा फिरवून रचनेला आकार दिला, पण कात्री चालली ती माणसांनी एका खोलीत एकमेकांकडे पाहत वाजवलेल्या वादनावर. त्यांत गिटार वाजवणारा जॉन मॅक्लाफ्लिन पुढे काही वर्षांतच ‘शक्ती’ या वाद्यवृंदात अकूस्टिक गिटार घेऊन झाकीर हुसेन यांच्या तबल्याशेजारी बसला, आणि तिथे त्याने मींड घेता यावी म्हणून फ्रेटमधले (मानेवरच्या आडव्या पट्ट्यांमधले) लाकूड कोरून घेतले, तरफेच्या तारा बसवून घेतल्या. एकाच माणसाला दोन्ही घरे आपली वाटू शकतात, मात्र प्रत्येक घरात शिरताना त्याने वाद्यच बदलून घेतले.

आता माझी एक फजिती सांगतो, कारण तुमच्या तिसऱ्या रचनेला तीच अडचण आहे. बारा-तेरा वर्षांपूर्वी बीड जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी माझा कार्यक्रम होता. लूपरवर, म्हणजे वाजवलेला तुकडा मुद्रित करून फिरवत ठेवणाऱ्या पेडलवर, चार थर चढवून मी वर अगदी मोजके सूर वाजवत होतो, आणि त्या मोजकेपणाचे मला स्वतःलाच कौतुक वाटत होते. मध्येच वीज गेली. जनरेटर सुरू व्हायला पाचसात मिनिटे लागली, आणि तेवढ्या वेळात हातात धडधाकट गिटार असूनही मला ती रचना पुढे वाजवता येईना, कारण गिटारकडे रचना नव्हतीच. ती सगळी पेडलच्या पोटात होती. श्रोते समजूतदार होते, त्यांनी मला एक जुने गाणे वाजवायला सांगून वेळ निभावून नेली. तेव्हापासून मी प्रत्येक नवी रचना आधी विजेशिवाय वाजवून पाहतो. तुमच्या सहाही रचना एकदा अंगणात बसून, फक्त नायलॉनच्या तारांच्या गिटारवर, एखाद्या जाणत्या मित्रासमोर वाजवून पाहा. पहिली आणि दुसरी टिकतील असे मला वाटते. तिसऱ्या रचनेत अजून सुरावटच नाही, वातावरण आहे.

लयीचा प्रश्न थोडा बारकाईने पाहावा लागेल, कारण दोन रेकॉर्ड लावल्याचा भास मुख्यतः तिथून येतो. मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत एक मात्रा ५०० मिलिसेकंदांची होते. तिचे दोन समान भाग केले तर २५०-२५०. तीन भाग कल्पून पहिले दोन एका सुराला आणि तिसरा दुसऱ्या सुराला दिला तर साधारण ३३३-१६७, आणि पाठ्यपुस्तकातला ‘स्विंग’ तो हाच. प्रत्यक्षात जॅझ वाजवणारा हात या दोहोंच्या मध्ये कुठेतरी फिरत असतो. संथ लयीत तो लंगडेपणा वाढवतो, लय चढली की सूर समान करत नेतो, आणि एकाच वाक्याच्या सुरुवातीला ३००-२०० असलेले नाते शेवटी बदललेले असते. तुम्ही ड्रमच्या यंत्राला स्विंगची एक टक्केवारी दिली आणि ती पूर्ण रचनाभर तशीच ठेवली. दुसऱ्या रचनेत सोलो रंगात येतो तेव्हा तुमचा हात सरळ होत जातो आणि यंत्राची हाय-हॅट, म्हणजे ड्रममधली झांज, मात्र तितकीच लंगडत राहते. त्यामुळे वीस-तीस मिलिसेकंदांची जी फट पडते ती कानाला चूक म्हणून कळत नाही, पण परकेपणा म्हणून निश्चित कळते. ज्याने गोंधळात संबळाची लय रात्र चढेल तशी चढताना ऐकली आहे, त्याच्या कानाला तर ती फार लवकर कळते.

त्यासाठी उपाय असा. क्लिक न लावता, पायाने ठेका धरत, संपूर्ण रचना एका टेकमध्ये, म्हणजे न थांबता एका मुद्रणात, वाजवा. शक्य असल्यास बास वाजवणाऱ्या सोबत्याला समोर बसवा. असे तीन-चार टेक घेऊन सर्वांत जिवंत असेल तो ठेवा, मग त्यात एखादी तार किंचित कुजबुजली असली तरी चालेल. त्यानंतर सॉफ्टवेअरमध्ये त्या वादनातल्या मात्रांवर खुणा करून लयीचा नकाशा तयार करा, म्हणजे यंत्राची ग्रिड तुमच्या वादनाप्रमाणे ताणली-आकसली जाते. पाच मिनिटांच्या रचनेला हे काम हाताने करायला मला सुमारे अर्धा दिवस लागतो आणि ते कंटाळवाणे आहे, हे प्रामाणिकपणे सांगतो. प्रत्येक मात्रेवर खूण करू नका, आवर्तनाच्या समेवर करा आणि मधल्या मात्रा सैल सोडा. सगळ्याच मात्रा खिळवल्या की यंत्र हाताची नक्कल करू लागते आणि तेही हास्यास्पद ऐकू येते.

ध्वनिमुद्रणाच्या वेळी गिटारचे दोन स्वतंत्र ट्रॅक घ्या : एक माइकचा, दुसरा पिकअपचा, म्हणजे गिटारमध्येच बसवलेल्या, तारांची थरथर विजेत बदलणाऱ्या यंत्राचा. माइक शक्यतो छोट्या पडद्याचा कंडेन्सर (नाजूक आवाज टिपणारा प्रकार) असावा आणि तो बाराव्या फ्रेटसमोर साधारण २५ सेंटिमीटरवर, तोंड किंचित गिटारच्या भोकाकडे वळवून ठेवावा. भोकाच्या थेट समोर ठेवला तर १०० हर्ट्झच्या आसपास पोटातल्या हवेचा जो घुमारा असतो तो बाकी सगळे गिळून टाकतो; तुमच्या पहिल्या ट्रॅकमध्ये तेच झाले आहे. घोडीखालच्या (तारा टेकतात त्या पट्टीखालच्या) पिकअपचा आवाज एकटा ऐकला तर कोरडा आणि टणत्कारी वाटतो, म्हणून लोक तो टाकून देतात किंवा नाइलाजाने माइकमध्ये मिसळतात. माझी पद्धत वेगळी आहे. माइकचा ट्रॅक हा लाकडाचा. त्याला थोड्या रिव्हर्बपलीकडे (खोलीसारख्या घुमाऱ्यापलीकडे) हात लावायचा नाही. पिकअपचा ट्रॅक हा विजेचा. तो थेट ऐकवायचाच नाही, त्यातून डिले (आवाजाची पुनरावृत्ती), फिल्टर, ग्रॅन्युलर (आवाजाचे बारीक तुकडे करणारा इफेक्ट), जे काही करायचे ते सगळे करायचे. अशा रीतीने दोन्ही बाजू एकाच बोटाच्या एकाच आघातातून जन्मतात, आणि त्यांना एकत्र आणण्याचा प्रश्न पुष्कळसा आपोआप सुटतो. दोन्ही ट्रॅक एकत्र ऐकवायचेच असतील तर ध्यानात ठेवा की २५ सेंटिमीटर अंतर कापायला ध्वनीला सुमारे पाऊण मिलिसेकंद लागतो. तेवढा पिकअपचा ट्रॅक मागे सरकवला नाही तर आवाज पोकळ होतो.

वाजवतानाच इफेक्ट ऐकायचा असेल तर इंटरफेसचा (गिटार लॅपटॉपला जोडणाऱ्या पेटीचा) बफर, म्हणजे आवाज क्षणभर साठवून ठेवण्याची जागा, १२८ सॅम्पलवर ठेवा. ४८ किलोहर्ट्झवर तो एका दिशेने २.७ मिलिसेकंद होतो, आणि येण्याजाण्याचा सगळा हिशेब धरला तरी उशीर दहाच्या आत राहण्याची शक्यता असते. दहा मिलिसेकंद म्हणजे साडेतीन मीटरवर ठेवलेला अॅम्प्लिफायर. त्याची सवय होते. बफर ५१२ वर नेला की हात नकळत अडखळू लागतो आणि दोष मात्र वादकाच्या माथी येतो.

मराठवाड्यात राहून हे होईल का, या प्रश्नाला माझे उत्तर ‘होईल’ असे आहे, आणि एका बाबतीत इथे अधिक चांगले होईल. अंबाजोगाईजवळच्या एका खेड्यात आमच्या नातेवाइकांचे जुने माळवदाचे घर आहे. दीड-दोन हात जाडीच्या मातीच्या भिंती, वर लाकडी सर आणि त्यावर पांढऱ्या मातीचा थर, एकच लहान खिडकी. त्या खोलीत टाळी वाजवली तर ती जागच्या जागी विरते. सिमेंटच्या आणि फरशीच्या खोलीत जो टणटणीत पडसाद येतो तो तिथे नावालाही नाही. कोपऱ्यांत तुरीची पोती रचलेली होती, ती तशीच राहू दिली, कारण खर्जाचा घुमारा कोपऱ्यांत साठतो आणि भरलेली पोती तो शोषून घेतात. समोरच्या भिंतीवर दोन वाकळा टांगल्या. त्या खोलीत मुद्रित केलेली गिटार मी नंतर शहरातल्या एका महागड्या स्टुडिओत ऐकवली तेव्हा तिथल्या ध्वनिमुद्रकाने खोली कुठली, असे दोनदा विचारले. तुमच्या ओळखीत असे घर असेल तर फोमच्या चौकटींवर पैसे घालवू नका.

अडचणी आहेत त्या वेगळ्या. पहिली हवेची. गिटारचे लाकूड हवेतल्या ४५ ते ५५ टक्के आर्द्रतेत सुखी असते. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये ती त्याच्या पुष्कळ खाली जाते. वरची फळी आकसते, बसते, तारा फ्रेटवर घासू लागतात, आणि दुर्लक्ष केले तर फळीला चीर जाते. पावसाळ्यात तीच फळी फुगून तारा वर उचलते. माझ्या पहिल्या अल्बमचे काम मी एप्रिलमध्ये सुरू करून जुलैत संपवले, आणि त्यात एकाच गिटारचे दोन स्वभाव ऐकू येतात. शिवाय मे महिन्यात घोडीमागे बोटभर लांब चीर गेली, ती आजही बोटाला लागते. कूलर लावला की खोलीतली आर्द्रता वाढते आणि गिटार खूश होते, पण कूलरच्या घरघरीत ध्वनिमुद्रण होत नाही. कूलर बंद केला की अर्ध्या तासात वादक घामाघूम. म्हणून दिवाळी ते संक्रांत हा काळ गिटारच्या सगळ्या टेकसाठी राखून ठेवा आणि लॅपटॉपवरचे काम उन्हाळ्यात करा. एक साधा आर्द्रतामापक आणि केसमध्ये भोके पाडलेल्या साबणाच्या डबीत ओलसर स्पंज, एवढी व्यवस्था वर्षभर पुरते.

दुसरी अडचण विजेची. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे अर्थिंग कच्चे असेल तर ५०, १०० आणि १५० हर्ट्झवर हम, म्हणजे सततची गुणगुण, बसतो, आणि नेमकी तिथेच गिटारच्या खालच्या तारांची वस्ती आहे. उन्हाळ्यात जमीन वाळली की अर्थिंगचा खड्डाही निकामी होतो. जुने वायरमन त्यात मिठाचे पाणी ओततात ते उगाच नाही. ध्वनिमुद्रण करताना लॅपटॉप बॅटरीवर चालवा, इन्व्हर्टर आणि मोबाइलचा चार्जर बंद ठेवा, आणि पोकळ अंगाच्या इलेक्ट्रिक गिटारवर एकेरी कॉइलचा पिकअप असेल तर खुर्चीसकट हळूहळू फिरून हम सर्वांत कमी कुठे होतो ते शोधा. खेड्यात शेतीपंपांच्या विजेची पाळी कधी आहे हे आधी विचारून घ्यावे; शेजारच्या बोअरची मोटार सुरू झाली की व्होल्टेजही हलते आणि भिंतीतून घरघरही येते.

इलेक्ट्रॉनिक ध्वनी कुठून आणायचे, यावर माझे मत थोडे हट्टी आहे. तयार सॅम्पलच्या साठ्यातले ड्रम आणि पॅड (सिंथेसायझरचे लांबट सूर) पहिल्या अल्बमसाठी शक्यतो वापरू नका, कारण तेच आवाज त्याच आठवड्यात जगभरातले हजार लोक वापरत असतात. एक अख्खी दुपार गिटारला विचारा तिच्याकडे काय काय आहे. अंगठ्याने वरच्या फळीवर थाप, नखाने बाजूच्या फळीवर टिचकी, खुंट्यांजवळच्या तारांच्या तुकड्यांची किणकिण, ओढलेल्या तारेवर रुपया घासल्याचा खरखराट, सातव्या आणि बाराव्या फ्रेटवरचे हार्मोनिक, म्हणजे तारेला हलका स्पर्श करून निघणारे घंटेसारखे सूर. हे सगळे वेगवेगळे मुद्रित करा. फळीवरची थाप खाली उतरवली की ढोलासारखी गंभीर होते, टिचकीची हाय-हॅट होते, आणि हार्मोनिकचा मधलाच तुकडा लांबवला की तुमच्या सध्याच्या सिंथेसायझर पॅडपेक्षा कितीतरी उबदार पॅड मिळतो. सहावी तार मोकळी वाजवली तर तिचा सूर सुमारे ८२ हर्ट्झचा असतो. तो एक सप्तक खाली नेला की ४१, म्हणजे बास गिटारच्या सर्वांत खालच्या तारेच्या जागी तो पोहोचतो. खर्ज असा यंत्राकडे दिला, तर माइकच्या गिटारमधून ८० हर्ट्झच्या खालचे सगळे निःशंकपणे कापून टाकता येते, आणि दोघांची भांडणे थांबतात.

त्यातूनही एखादा ध्वनी परकाच वाटत राहिला, तर तो स्पीकरवर वाजवून, त्याच माळवदाच्या खोलीत, त्याच माइकने पुन्हा मुद्रित करा. खोलीची हवा त्याला लागते आणि तो घरचा होतो. रिव्हर्बच्या पेट्या बदलत बसण्यापेक्षा मला हा उपाय नेहमी अधिक लागू पडला आहे.

चौथ्या रचनेत संबळ आणि हलगी घ्यायचा विचार तुम्ही लिहिला आहे. हे ऐकून मला आनंदही झाला आणि थोडी धास्तीही वाटली. हलगीचा एखादा चार सेकंदांचा तुकडा घेऊन तो लूपमध्ये फिरवत ठेवला, की तो लग्नाच्या जेवणातल्या वरच्या कोथिंबिरीसारखा होतो. दिसतो, पण चवीत उतरत नाही. तुळजापूरच्या वाटेवर वाढलेल्या माणसाला संबळाची ओळख सांगावी लागत नाही, म्हणूनच त्याला हा वरवरचा वापर लगेच खटकतो. संबळवादकाला खोलीत बोलवा, तुमची रचना विजेशिवाय ऐकवा, आणि दोघे मिळून वाजवा. आकड्याच्या काठीने निघणारा तो गुंजणारा आवाज आणि तुमची नायलॉनची मंद्र तार यांचे काय जुळते ते तिथे बसल्यावरच कळेल. कदाचित काहीच जुळणार नाही. तसे झाले तर संबळ सोडून द्या. वाद्याचा आवाज मोठा असल्याने त्याला खोलीच्या दुसऱ्या टोकाला, पोत्यांच्या आडोशाला बसवा, आणि माइक त्याच्यासमोर हात-दीड हातावर ठेवा.

संबळवादकाशी व्यवहार मात्र पहिल्याच दिवशी आणि कागदावर करा. पारंपरिक गोंधळाची चाल कोणा एकाच्या मालकीची नसली, तरी त्या दिवशी त्या वादकाने जे वाजवले त्यावर त्याचा कलावंत म्हणून हक्क असतो, आणि आपल्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे तो पन्नास वर्षे टिकतो. मानधन किती, वादन कुठे कुठे वापरले जाईल, नाव कसे छापायचे, एवढे एका पानावर मराठीत लिहून दोघांनी सह्या कराव्यात. कोणाच्या तरी जुन्या कॅसेटवरून तुकडा उचलणे तर टाळाच, कारण चाल परंपरेची असली तरी त्या ध्वनिमुद्रणाचा मालक असतोच. तुमच्या स्वतःच्या रचनांसाठी आयपीआरएस या १९६९ मध्ये स्थापन झालेल्या, गीतकार-संगीतकारांचे हक्कशुल्क गोळा करणाऱ्या संस्थेचे सभासदत्व घ्या आणि प्रत्येक ट्रॅकसाठी बारा अक्षर-अंकांचा आयएसआरसी, म्हणजे ध्वनिमुद्रणाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, आधीच मिळवा. हे पुढे ढकलले की राहूनच जाते.

मास्टरिंगबद्दल, म्हणजे अंतिम प्रत घडवण्याबद्दल, एकच वाक्य. तुम्ही पाठवलेले ट्रॅक मोठ्या आवाजाच्या हव्यासाने इतके दाबले आहेत की बोटाची हलकी आणि जड चाल एकाच उंचीवर आली आहे, आणि ऑनलाइन सेवा नंतर सगळेच साधारण उणे चौदा एलयूएफएसच्या (आवाजाचा जोर मोजण्याच्या एककाच्या) पातळीवर आणतात, त्यामुळे त्या दाबण्याने हाती काहीच लागत नाही.

सहा रचनांचा हिशेब पाहता अल्बम चाळीस मिनिटांच्या आत बसेल, आणि तेवढा पुरे. तिसरी रचना सध्या बाजूला ठेवा. तिच्या जागी दुसऱ्या रचनेचाच, इलेक्ट्रॉनिक काहीही नसलेला, एकट्या गिटारचा दुसरा टेक शेवटी घेता आला तर मला तो ऐकायला आवडेल. दिवाळी तोंडावर आली आहे. गिटारला आत्ताच नव्या तारा घाला आणि चार दिवस वाजवून त्यांचा कोरा चकचकाट उतरू द्या; पोकळ अंगाच्या गिटारला सपाट वेष्टनाच्या तारा असतील तर त्या बदलूच नका. खोली ठरली की पहिल्या दिवशी कोणतीही रचना मुद्रित न करता फक्त माइकच्या दहा-बारा जागा ऐकून पाहा, आवडलेली जागा फरशीवर खडूने आखून ठेवा, आणि घरातल्यांना ती पुसू नका म्हणून सांगून ठेवा.